आई कामाला लागली, मग लेकराची पोटगी?

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की वाटेत अंबाडी नाका लागतो. इथूनच एक फाटा वज्रेश्वरीकडे जातो. सकाळच्या वेळी या नाक्यावर कामाला निघालेल्या बायका दिसतात. कुणी गोदामात माल बांधायला, कुणी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला, तर पावसाळा सरल्यावर कुणी वीटभट्टीवर. या भागात कायद्याची माहिती सांगायला मी जाते, तेव्हा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "ताई, मी कामाला लागले, तर पोराचे पैसे बंद होतील का?" या भीतीनं कुणी चालून आलेलं काम नाकारतं, कुणी काम करतं पण ते लपवतं. नुकसान दोन्हीकडे आहे. म्हणून ही भीती आली कुठून, हे आज पाहू या. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

'पोटगी' या शब्दातच पोट आहे, आणि कायद्याचा सुरुवातीचा विचारही पोटापुरताच होता. इंग्रजी अमदानीत १८६१ साली पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता झाली. टाकून दिलेल्या बायकापोरांना दरमहा रक्कम मिळवून देण्याचा अधिकार तिनं मॅजिस्ट्रेटला दिला. पुढे १८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ झालं. बायकापोरांनी उपाशीपोटी रस्त्यावर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. रकमेला मर्यादाही होती : महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये. १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५००. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली, कलमाचा आकडा १२५ झाला. पण मर्यादा ५०० चीच राहिली.

या जुन्या विचारात एक अडचण होती. बाई आणि तिचं मूल यांच्याकडे एकच गाठोडं म्हणून पाहिलं जाई. बाईला आधार मिळाला म्हणजे मुलालाही मिळाला, असा सरळ हिशेब. माझ्या मते आपल्या बायकांच्या मनातली भीती या गाठोड्यातूनच आली आहे.

त्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. त्या खटल्यातली पत्नी स्टेनोग्राफर होती, स्वतः पगार मिळवत होती. पत्नीची पोटगी ठरवताना तिची स्वतःची कमाईही पाहिली पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. प्रश्न पत्नीच्या पोटगीचा होता. मुलीचा हक्क काढून घेतलेला नव्हता. पण गावात निकाल पोहोचतो तो अर्धाच. 'बाई कमावती झाली की पोटगी गेली' एवढंच लोकांच्या कानावर पडलं.

ते गाठोडं हळूहळू सुटत गेलं. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रश्न आला, की कायद्यातले 'एकूण' ५०० रुपये म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून, की प्रत्येकाला? निकाल झाला, प्रत्येकाला. आईचे वेगळे, मुलाचे वेगळे. महाराष्ट्रानं १९९९ साली ही मर्यादा १५०० रुपयांवर नेली आणि २००१ साली केंद्राच्या दुरुस्तीनं ती पूर्णपणे उठली.

दरम्यान २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं जोडपं आलं, जिथं आई आणि वडील दोघंही नोकरीत होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानुसार मुलांना सांभाळण्याची जबाबदारी दोघांचीही आहे. न्यायालयानं प्रत्येक मुलासाठी महिना ३००० रुपये धरले आणि तो भार वडिलांनी दोन हिस्से, आईनं एक हिस्सा, असा वाटून दिला. आई कमावती होती, तरी वडिलांची सुटका झाली नाही.

याहून महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातल्या प्रकरणात लागला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयानं २०१५ साली एका पत्नीला दरमहा १५ हजार रुपये मंजूर केले होते. लहान मुलासाठी वेगळे ५ हजार, आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १० हजार. हे प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण, सगळं धरायचं. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करायचा. आई पुरेसं कमावत असेल, तर दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. शिवाय दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगायचं, आणि खटला चालू असताना परिस्थिती बदलली, तर तेही कळवायचं.

एक हिशेब मांडून बघू. समजा, मुलाचा महिन्याचा खर्च ६००० रुपये. वडिलांची कमाई २० हजार, आई नव्यानं कामाला लागली, तिला १० हजार. दोनास एक या प्रमाणात वडिलांचे ४००० आणि आईचे २००० होतात. हे काही ठरलेलं सूत्र नाही, न्यायालय प्रत्येक घर वेगळं पाहतं. पण यातून एवढं दिसतं, की आईच्या पगारानं वडिलांचा हिस्सा कमी होऊ शकतो, नाहीसा होत नाही. आणि आई कामावर असताना मूल सांभाळायला कुणाला पैसे द्यावे लागत असतील, तर तो खर्चही अर्जात जरूर लिहावा.

बदल आपोआप मात्र होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १४४ खाली पोटगी मिळते आणि कलम १४६ खाली ती कमी-जास्त करून घेता येते. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. 'तू आता कमावतेस' असं म्हणून वडिलांना परस्पर पैसे थांबवता येत नाहीत. आदेश बदलेपर्यंत रक्कम थकतच जाते. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, हे विसरू नये. आणि हा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. बेकार असलेले वडील नोकरीला लागले, त्यांचा पगार वाढला किंवा मुलाची फी वाढली, तर आईलाही रक्कम वाढवून मागता येते.

मुलाचा हिस्सा आईच्या हिश्श्यापासून वेगळा ओळखला जायला आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं लागली. तेव्हा बायांनो, मिळालेलं काम सोडू नका आणि लपवूही नका. पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, शाळेच्या पावत्या जपून ठेवा. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना आणि मुलांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीची चौकशी करा.