मुंबईंतील कँटनी भोजनगृहें

संभाजीनगराहून पैठणास जातांना वाटेंत बिडकीन लागतें. अशा गांवींही आतां संध्याकाळीं गाडीभोंवतीं तरुण मंडळी जमून ‘मंचूरियन’ मागतात. एके काळीं पैठणचा माल दूरदेशीं जाई; आज दूरदेशचें पक्वान्न पैठणच्या वाटेवर येऊन ठेपलें आहे. परंतु तें आणणारे लोक कोण, व पुढें त्यांचें काय झालें, हा प्रश्न आम्ही खाणारे क्वचितच विचारतों.

मुंबईच्या गोदींत उतरलेले चिनी खलाशी पुष्कळसे दक्षिणेकडील कँटन प्रांतांतले. माझगांवांत १९१९ सालीं बांधलेलें ‘सी यूप कून’ हें त्यांचें देवालय अद्याप उभें आहे. ‘सी यूप’ म्हणजे त्या प्रांतांतील चार तालुके. कोंकणच्या चाकरमान्यांनीं गिरणगांवांत गांवाच्या नांवें खोल्या धराव्या, त्यांतलाच हा प्रकार होय.

याच समाजाच्या पाककलेनें पुढें शहरांत मान मिळविला. १९४५ सालीं कुलाब्यास ‘नानकिंग’ हें भोजनगृह निघालें. नांव यांगत्सेकांठच्या शहराचें, स्वयंपाक मात्र कँटनी : वाफवलेली मासळी, आलें, कांद्याची पात, मसाला बेताचा. तें पुढें बंद झालें; पण त्याच घराण्यानें १९९१ सालीं जवळच ‘लिंग्ज पॅव्हिलियन’ उघडून ती परंपरा चालविली. ‘मंचूरियन’ची गोष्ट निराळी. कलकत्त्यास जन्मलेल्या नेल्सन वांग यांनीं १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आलें, लसूण व हिरवी मिरची यांस सोयाची जोड देऊन तें सिद्ध केलें. मांचूरियाचा त्याशीं नांवापलीकडे संबंध नाहीं.

या सनावळींत १९६२ हें सालही आहे. त्या वर्षींच्या युद्धाच्या वेळीं आसाम, बंगाल वगैरे भागांतील सुमारें ३,००० चिनी वंशाचीं माणसें राजस्थानांतील देवळीच्या छावणींत डांबण्यांत आलीं. त्यांत येथेंच जन्मलेलीं मुलेंही होतीं. इंग्रज सरकारनें आमचे राजबंदी जेथें ठेविले होते, तीच ही देवळी! कित्येकांच्या सुटकेस १९६७ साल उजाडलें. मुंबईंतील चिनी वस्तीही पुढें विरळ होत गेली. अनेक कुटुंबें परदेशीं निघून गेलीं.

पदार्थ आम्ही आपला मानला. रांधणारा मात्र परका ठरविला. हीं दोन्हीं कृत्यें एकाच समाजाच्या हातून एकाच काळांत घडलीं, हें भोजनगृहांचा इतिहास लिहितांना वगळून चालणार नाहीं.