गांवाचें नांव आणि परक्याचा कान

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी पुण्याहून वेंगुर्ल्यास आजीकडे गेलों, तेव्हां माझ्या अंगीं नव्या विद्येचा थोडा ताठा होता. आजी शेजारणीशीं बोलतांना 'आमचां वेंगुर्लां' असें म्हणाली. मीं तिला मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, हा उच्चार अशुद्ध असून खरें नांव 'वेंगुर्लें' असें आहे; आणि 'वेंगुर्ला' लिहिणारे इंग्रज तर निव्वळ अडाणी. आजी हंसली व म्हणाली, "अरे झिला, पुस्तकातलां वेंगुर्लां खंयचां तां तुका म्हायत. आमचां वेंगुर्लां ह्यां." त्या वेळीं हें उत्तर मला हट्टाचें वाटलें. पुढें बरींच वर्षें इतिहास शिकविण्यांत गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं आमच्या घरांत परका मनुष्य एकच होता, आणि तो इंग्रज नव्हता.

गांवाचें नांव गांवकरी एका तऱ्हेनें उच्चारतात व बाहेरचा मनुष्य दुसऱ्या तऱ्हेनें, हा अनुभव सर्व जगांत येतो. त्यांतील कांहीं भेद केवळ जिभेचे असतात. इंग्रजाच्या जिभेला आपला 'ड' जड जाई. दोन स्वरांमध्यें आलेला हा वर्ण त्याच्या कानास 'र' सारखा ऐकूं येई. म्हणून १८४४-४५ सालच्या बंडाच्या इंग्रजी कागदांत सावंतवाडीचें नांव 'सावंत वारी' असें वाचावयास मिळतें. तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगेजांनींही हेंच केलें. पेडणें हें नांव त्यांनीं 'पेर्नेम' असें लिहिलें. दोन भिन्न राष्ट्रांच्या लेखकांनीं एकमेकांस न विचारतां एकाच वर्णाच्या जागीं 'र' घातला, तेव्हां ही चूक नसून कानाची साक्ष आहे, असें म्हणणें भाग आहे.

दुसरा भेद ओळखीचा. बाहेरचा मनुष्य 'सावंतवाडी' असें पूर्ण नांव घेतो. तिचें जुनें नांव सुंदरवाडी हेंही त्यानें कदाचित् वाचलेलें असतें. आसपासच्या खेड्यांतला मनुष्य मात्र 'वाडीक जातंय' एवढेंच म्हणतो. त्याच्या दृष्टीनें वाडी एकच. दुसरी कोणती, हा प्रश्न त्याला पडत नाहीं.

परंतु सर्वांत विचार करण्यासारखा भेद नांवाच्या शेवटीं आहे. या किनाऱ्यावरील कितीतरी गांवांचीं नांवें नपुंसकलिंगी आहेत: वेंगुर्लें, आचरें, मसुरें, परुळें, गिर्यें, आणि 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचें पोंभुर्लें. ग्रांथिक मराठींत अशा नांवांच्या अंतीं 'एं' येतो. मालवणी बोलींत मात्र तेथें 'आं' येतो. जी बोली केळें न म्हणतां 'केळां' म्हणते, माझें न म्हणतां 'माजां' म्हणते, ती वेंगुर्लें हें नांव 'वेंगुर्लां' असेंच उच्चारणार. आजीच्या तोंडीं असलेलें रूप अपभ्रष्ट नव्हतें; तें तिच्या बोलीच्या व्याकरणाप्रमाणें काटेकोर होतें.

आतां परक्यांनीं काय लिहून ठेवलें तें पाहूं. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. त्यांच्या कागदांत या बंदराचें नांव 'विंगुर्ला' असें येतें. त्याच शतकांतला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये त्याला 'मिंग्रेला' म्हणतो. १८१२ सालीं हें बंदर इंग्रजांकडे आलें, व १८८० सालीं छापलेल्या सरकारी गॅझेटियरांत 'वेंगुर्ला' हेंच रूप आहे. या तिघांनीं नांवाचा आरंभ हवा तसा मोडला. कोणी 'वें'चा 'विं' केला, तर कोणी 'मिं' केला. परंतु शेवटचा 'आ' तिघांच्याही कागदांत कायम आहे. त्यांतील अनुस्वार गळला, कारण तो त्यांच्या लेखणींत नव्हता. स्वर मात्र त्यांनीं बंदरावर ऐकिला तसाच ठेविला असावा.

विजयदुर्गाची गोष्ट याहून बोलकी आहे. १६५३ सालीं शिवाजी महाराजांनीं तो किल्ला घेतला व त्याला विजयदुर्ग हें नांव मिळालें. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १७५६ च्या फेब्रुवारींत, वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तो आंग्र्यांकडून जिंकला. पण इंग्रजांच्या बखरींत ती लढाई 'घेरिया'ची म्हणून प्रसिद्ध आहे. हें घेरिया म्हणजे किल्ल्याशेजारचें गिर्यें गांव. मालवणी उच्चारानें गिर्यां. राजानें दिलेलें संस्कृत नांव मराठी दप्तरांत राहिलें, आणि कोळ्याखारव्यांच्या तोंडचें नांव लंडनपर्यंत गेलें. नकाशावर घेरिया शोधूं पाहणारा आमचा विद्यार्थी थकून जातो, याचें कारण एवढेंच कीं तो तें आमच्या पुस्तकी उच्चाराच्या आधारें शोधीत असतो.

येथें एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. हिंदुस्थानींत नपुंसकलिंग नाहीं; तेव्हां दुभाष्यांच्या मार्फत नांव ऐकणाऱ्या परकीयानें कोणत्याही नपुंसकलिंगी नांवास 'आ' लावला असेल. इंग्रजांचें 'पूना' व 'ठाना' हीं रूपें याच वाटेनें आलीं असावीं, असें कोणी म्हणेल. पण तेथेंही बोलणारा मराठी मनुष्य 'पुणं' व 'ठाणं' असेंच म्हणतो. 'पुणें' हा लिहिण्याचा उच्चार आहे. शिवाय वेंगुर्ल्यास, वेंगुर्ल्याहून या रूपांवरूनही परक्यास मूळ नांव 'वेंगुर्ला' असावें असा भास होणें शक्य आहे, कारण आकारान्त पुल्लिंगी शब्दाचीं रूपेंही अशींच होतात. या सर्व वाटा मी नाकारीत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, या बाबतींत परक्याचा कान खेडुताच्या जिभेशीं जुळतो, आणि आमची लेखणी त्या दोघांहून निराळी पडते.

खाडीपलीकडची साक्ष पाहिली म्हणजे हा विचार अधिक दृढ होतो. गोव्याच्या कोंकणींत अशा नांवांच्या शेवटीं 'एं' ऐकूं येतो, आणि पोर्तुगेजांनीं तेथें 'एम्' लिहिलें: पेर्नेम, मांद्रेम. पेडणें महाल त्यांच्याकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आला, तोंपर्यंत त्यांची लिहिण्याची रीत जुन्या मुलुखांत ठरून गेली होती. म्हणून पेडण्याच्या बोलीचा नेमका पुरावा त्यांत शोधूं नये. पण तो अखेरचा 'म्' म्हणजे आपला अनुस्वार होय, यांत शंका नाहीं. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं आम्हीं तो अनुस्वार मराठींतून काढून टाकला, आणि पोर्तुगेजांच्या मोडक्यातोडक्या अक्षरांत तो अजून शाबूत आहे! आज पाटी वाचून 'पर्नेम' म्हणणाऱ्या प्रवाशास आपण हंसतों. पण आपण पुसलेला उच्चार त्याच्या तोंडांत अर्धामुर्धा उरला आहे, हें विसरतों.

याच्या उलट, जें नांव ऐकून घेतलेलें नाहीं, केवळ लादलेलें आहे, त्याची गत काय होते हें सिंधुदुर्गानें दाखविलें आहे. १६६४ सालीं मालवणसमोरच्या कुरटे बेटावर महाराजांनीं तो किल्ला बांधावयास घेतला. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो कोल्हापूरकरांपासून जिंकून त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं किल्ला परत करावा लागला. १८१२ सालीं तो कायमचा त्यांच्याकडे आला, तरी तें नांव कोणाच्या जिभेवर बसलें नाहीं. १९८१ च्या १ मे रोजीं रत्नागिरींतून नवा जिल्हा वेगळा काढण्यांत आला, तेव्हां त्यास सिंधुदुर्ग हेंच नांव मिळालें. वेडावांकडा झालेला उच्चार शतकानुशतकें टिकतो, कारण त्यांत एकानें बोललेलें असतें व दुसऱ्यानें ऐकिलेलें असतें. फोर्ट ऑगस्टस कोणी बोललेंही नव्हतें आणि ऐकिलेंही नव्हतें.

मग आज चिंता कसली? आज गांवाचें नांव कानावरून कागदावर येत नाहीं. कागदावरून कानांत शिरतें. वाट सांगणारीं बोलकीं यंत्रें रोमन अक्षरें वाचतात आणि कुडाळचें 'कुदाल' करतात. त्या उच्चाराला आपण हंसतों, म्हणून त्याचें भय थोडें. भय निराळ्याच गोष्टीचें आहे. माझ्या वर्गांत त्या बाजूचीं मुलें येतात. त्यांच्या आज्या 'आचरां' म्हणत आल्या. शिक्षकांनीं त्यांना 'आचरें' शिकविलें. तीं स्वतः आतां 'आमचा आचरा', 'आमचा वेंगुर्ला' असें म्हणतात. येथें केवळ एक अनुस्वार गळलेला नाहीं, गांवाचें लिंग बदललें आहे. 'आमचां वेंगुर्लां' या दोन शब्दांत मालवणीचें एक सबंध प्रकरण होतें. तें 'आमचा वेंगुर्ला' म्हणतांच संपतें. आडनांवांत आचरेकर व वेंगुर्लेकर राहतील, कारण तीं शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलीं आहेत. जें कोठेंच लिहिलेलें नाहीं, तें जाईल.

आणि याचा दोष डचांकडे, पोर्तुगेजांकडे किंवा यंत्राकडे नाहीं. तो माझ्यासारख्या, सुटींत घरीं येऊन आजीचें बोलणें सुधारणाऱ्या सुशिक्षिताकडे आहे. परक्यानें गांवाचें नांव चुकीचें घेतलें तर गांवकरी हंसून सोडून देतो. पण आपल्याच घरच्या शिकलेल्या मुलानें तें चूक ठरविलें, म्हणजे त्याला लाज वाटूं लागते, आणि लाजेनें टाकलेला शब्द पुन्हां तोंडांत येत नाहीं.

यावर उपाय मोठा नाहीं. आपल्या गांवचीं, वाड्यांचीं, पाणवठ्यांचीं आणि खडपांचीं नांवें घरांतल्या वृद्धांकडून विचारून घ्यावीं, आणि तीं जशीं उच्चारलीं जातील तशींच, अनुस्वारासकट, वहींत उतरून ठेवावीं. शुद्ध करण्याचा मोह आवरावा. मीं हें काम वेंगुर्ल्यापुरतें हातीं घेतलें आहे. आजी असती तर पहिल्या पानावरचीं सर्व नांवें तिच्याच तोंडून घेतलीं असतीं. आतां तीं मला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागावीं लागतात, आणि वहींत लिहितांना त्या एका वाक्याव्यतिरिक्त तिचा आवाज मला कोठें सांपडत नाहीं.