एक मैदान, दोन बिऱ्हाडं

परवा आतेभावाला आणायला बार्टनं ओकलंडच्या विमानतळावर निघालो होतो. गाडी बदलायला कोलिझियम स्टेशनवर उतरलो आणि सवयीनं नजर स्टेडियमकडे जाणाऱ्या पादचारी पुलाकडे गेली. मॅचच्या दिवशी या पुलावर पाय ठेवायला जागा नसायची. हिरवे-पिवळे टी-शर्ट, हॉट डॉगचा वास, आतून येणारा ढोलांचा आवाज... परवा पुलावर चिटपाखरू नव्हतं.

२००४ च्या सप्टेंबरात बाबा आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना इथे अ‍ॅथलेटिक्सची बेसबॉल मॅच दाखवायला आणलं होतं. खेळ त्यांना फारसा कळला नाही, पण गवतावरच्या पुसट पांढऱ्या रेघा बरोबर दिसल्या. "या कसल्या रे?" म्हटलं, इथेच रेडर्स संघ अमेरिकन फुटबॉल खेळतो, त्याच्या आहेत. बाबा हसले. "म्हणजे एका वाड्यात दोन बिऱ्हाडं! भांडत असतील."

भांडत होतेच. हे स्टेडियम शहर आणि काउंटीनं मिळून उभारलं. १९६६ मध्ये रेडर्स आले, १९६८ मध्ये कॅन्सस सिटीहून अ‍ॅथलेटिक्स. त्या काळात अमेरिकेत अशीच टूम होती. दोन खेळांसाठी दोन स्टेडियम कशाला? एकच गोल बांधा. सेंट लुईस, पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, सगळीकडे एका साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी स्टेडियम उभी राहिली.

हिशेब कागदावर चोख होता, पण मैदानात जुळेना. बेसबॉलचं मैदान उघडलेल्या पंख्यासारखं, फुटबॉलचं लांबट चौकोनी. दोन्ही मावतील असं गोल भांडं केलं की प्रेक्षक दोन्ही खेळांपासून लांब जातो. बेसबॉल संघ घरच्या मैदानावर मोसमात ८१ सामने खेळतो, फुटबॉल संघ तेव्हा जेमतेम आठ. एकाला ३५-४० हजार खुर्च्या पुरतात, दुसऱ्याला ६० हजारांच्या वर लागतात. सप्टेंबरात दोन्ही मोसम एकत्र आले की फुटबॉलवाले बेसबॉलच्या मातीत आपटायचे आणि बेसबॉलवाले त्यांनी उखडलेल्या गवतावर पळायचे.

१९९२ मध्ये बाल्टिमोरला कॅम्डेन यार्ड्स उघडलं. विटांची जुनी वखार शेजारी ठेवून फक्त बेसबॉलसाठी बांधलेलं, आटोपशीर, देखणं. ते बघून प्रत्येक मालकाला स्वतंत्र घर हवंसं झालं. कारण नुसतं सौंदर्य नव्हतं. महागड्या बॉक्सचं, जाहिरातींचं, पार्किंगचं उत्पन्न वाटून घ्यायला नको! पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, सेंट लुईस, चारही मोदक २००१ ते २००५ या काळात जमीनदोस्त झाले. आमच्या पलीकडच्या कँडलस्टिक पार्कमधून जायंट्स २००० मध्ये आपल्या नव्या घरी गेले. २०१२ मध्ये मायामीतही वेगळी चूल मांडली गेली आणि बेसबॉल-फुटबॉलचा असा संसार फक्त ओकलंडला उरला.

मुंबईकरांना यातलं काही ओळखीचं वाटेल. ब्रेबॉर्नवर सीसीआय मालक आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन पाहुणी. तिकिटांच्या वाटपावरून भांडण झालं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. तिथला पहिला कसोटी सामना १९७५ चा. तिथे तर दोघांचा खेळही एकच होता!

ओकलंडमध्ये एका बिऱ्हाडानं घरच बदलून टाकलं. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला गेलेले रेडर्स १९९५ मध्ये परतले, ते नव्या खुर्च्यांची अट घालून. सार्वजनिक कर्ज काढून एक अजस्र स्टँड बांधला गेला आणि बेसबॉलवाल्यांना समोर दिसणारे डोंगर त्यामागे गेले. रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांच्या नावावरून लोक त्याला 'माउंट डेव्हिस' म्हणू लागले. रेडर्स २०१९ चा मोसम संपवून लास व्हेगासला गेले, तरी त्या कर्जाचे हप्ते इथली जनता भरत होती.

आता माझी गोष्ट. २००६ मध्ये अ‍ॅथलेटिक्सनं नव्या स्टेडियमची योजना जाहीर केली, ती आमच्या फ्रीमाँटमध्ये! सुमारे ३२ हजार खुर्च्या, फक्त बेसबॉलसाठी. पुढे जागा वॉर्म स्प्रिंग्जला हलवायचं घाटू लागलं, तसा आमच्या भागात विरोध पेटला. रहदारी, आवाज, शाळा, घरांच्या किमती. शेजारीण दारावर कागद घेऊन आली आणि मी सही केली. २००९ च्या फेब्रुवारीत योजना बारगळली आणि आम्हाला हायसं वाटलं. पुढे सॅन होजे झालं, ओकलंडचं बंदर झालं, काहीच जमलं नाही.

२६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममध्ये शेवटचा बेसबॉल सामना झाला. ४६,८८९ माणसं आली. अ‍ॅथलेटिक्सनं टेक्सास रेंजर्सना ३-२ हरवलं आणि गेले. २०२५ पासून मुक्काम सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर. व्हेगासला ट्रॉपिकाना हॉटेल पाडून त्या जागी ३३ हजार खुर्च्यांचं, छप्पर असलेलं स्टेडियम २०२८ साठी बांधायचं चाललंय. नेवाडा राज्यानं त्यासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक मदत मंजूर केली आहे. घर स्वतंत्र, पण खर्चात वाटेकरी जनताच!

माझ्या एका सहीनं संघ गेला, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण ओकलंडनं मधली वर्षं सोडता जवळपास ४० वर्षं दोन भांडखोर बिऱ्हाडं सांभाळली, गळकी गटारं आणि उखडलेलं गवत सोसलं. माझ्या दारात एक बिऱ्हाड येणार म्हटल्यावर मला मात्र रहदारी आठवली. आणि तरी शनिवारी मुलाला घेऊन त्याच कोलिझियममध्ये जाऊन बसायचो, पार्किंगचा त्रास दुसऱ्यांच्या दाराशी ठेवून.

विमानतळाची गाडी आली. आतेभावाला काचेतून बोट दाखवून सांगायचं ठरवलं होतं, "बाबांना इथे आणलं होतं." परत येताना तो झोपला होता. असो.