धुराड्यातील बालके

घरात अग्नी पेटवावयाचा तर धुराला वाट करून द्यावी लागते, आणि वाट एकदा करून दिली की ती सदैव मोकळी राखण्याचे कर्तव्य गृहस्थाच्या माथी येते. ते कर्तव्य इंग्लंडातील धनिकांनी दीर्घकाळ कोवळ्या बालकांच्या देहाकडून पार पाडून घेतले.

१६६६ सालच्या अग्निप्रलयानंतर लंडन विटांनी नव्याने बांधले गेले आणि घरोघरच्या शेगड्यांत दगडी कोळसा जळू लागला, तेव्हा त्याची दाट, चिकट काजळी धुराड्यांच्या अंतर्भागी थरावर थर साचू लागली; ती वेळीच न झाडली तर धूर खोलीत परत उतरे, नाहीतर काजळीच पेट घेऊन घर संकटात पडे. पुष्कळ धुराडी जेमतेम ९ इंच रुंद व १४ इंच लांब असून भिंतींच्या पोटातून वळणे घेत वर जात. प्रौढ मनुष्य त्यांत शिरणे अशक्य. म्हणून या धंद्यातील उस्ताद पाच-सहा वर्षांची अनाथ वा दरिद्री पोरे उमेदवार म्हणून पदरी घेत. कोपरे आणि ढोपरे भिंतींस टेकून, सोलवटून घेत, ही पोरे अंधारात वर चढत. कित्येक अडकून गुदमरत. रात्री ही पोरे त्याच काजळीच्या पोत्यांवर निजत. ती काजळी पुढे खत म्हणून शेतकऱ्यांस विकली जाई. १७७५ साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी या पोरांना मोठेपणी वृषणकोशाचा कर्करोग जडतो, असे दाखवून दिले. व्यवसायातून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या वैद्यकाने घेतलेल्या आद्य नोंदींत हिची गणना होते.

१७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मूल उमेदवार म्हणून घेण्यास मनाई केली, परंतु अंमलबजावणीची तजवीज केली नाही. १८०३ साली जॉर्ज स्मार्ट यांनी पोकळ नळ्यांत दोरी ओवून टोकास ब्रश बसविलेले यंत्र सिद्ध केले. म्हणजे पर्याय हाताशी होता. तथापि वाकड्या धुराड्यांची दुरुस्ती करण्याचा खर्च आणि गालिचे मळण्याची भीती मालकांना पोराच्या प्राणाहून जड वाटली, आणि पोरांना धुराड्यात चढविण्यास मनाई करू पाहणारे १८१९ चे विधेयक उमरावांच्या सभेने फेटाळले. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविणे गुन्हा ठरविला, तरी पोरे चढतच राहिली. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजनजीक फुलबर्न येथील मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याच्या उस्तादास सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि त्याच वर्षी समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्यान्वये धुराडी झाडणाऱ्यास पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला. तेव्हा कोठे ही प्रथा खरोखर संपली.

यंत्र निघाल्यापासून परवान्याची सक्ती होईपर्यंत बहात्तर वर्षे लोटली. आपणही याहून निराळे नाही: सुरक्षासाधनांविना माणसास गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. म्हणून वाचकहो, आपल्या दारची टाकी उपसण्याची वेळ येईल तेव्हा आत कोण उतरणार, याची चौकशी प्रथम करा. आणि माणूस उतरणार असेल, तर ते काम तेथेच थांबवा.