पटावरून नाव कमी होताना

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आपली बॅच दहावीत होती. आपल्याला चिंता होती ती सहामाहीची! पुढच्याच महिन्यात अमेरिकेत एक निर्णय झाला: इंटरनेटवरच्या नावांना, म्हणजे आपण ज्यांना डोमेन म्हणतो त्यांना, फी लागू झाली. त्या निर्णयाचा आपल्या बॅचशी पुढे फार जवळून संबंध आला, म्हणून ही हकिकत स्मरणिकेत लिहीत आहे.

सुरुवातीच्या काळात जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळत असे. नवा संगणक जोडला की यादीत नाव चढवायचे आणि बाकीच्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. आपल्या वर्गाच्या हजेरीपटासारखाच हा प्रकार होता. संगणक वाढले आणि एका पटावर भागेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी पद्धत मांडली. आजही नावे तिच्यावरच चालतात. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदले गेले. तेव्हा नाव घ्यायला पैसे पडत नसत.

सप्टेंबर १९९५ पासून नोंदणी करणारी नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर आणि नंतर दरवर्षी ५० डॉलर घेऊ लागली. रक्कम मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने किरकोळ होती. पण नावाला मुदत आली, हा बदल मोठा होता. सातबाऱ्यावर चढते तसे हे नाव कायमचे आपले होत नाही. ते भाडेपट्ट्यावर असते. फी थकली की पटावरून नाव कमी होते.

हे किती खरे आहे, ते १९९९ च्या नाताळात दिसले. मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेलमध्ये शिरण्यासाठी पासपोर्ट डॉट कॉम या नावावरून जावे लागे. त्या नावाची ३५ डॉलर फी भरायची राहून गेली आणि असंख्य लोकांचा टपालाचा दरवाजा बंद झाला. आठवड्यावर आलेल्या २००० सालाच्या भीतीने संगणकजगत तेव्हा धास्तावलेले होते, आणि प्रत्यक्षात अडले ते साध्या फीपाशी. नॅशव्हिल शहरातल्या मायकल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने नाताळच्या दिवशी स्वतःच्या कार्डावरून ती फी भरून टाकली. कंपनीने त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठवून आभार मानले. तरीही २००३ मध्ये त्याच कंपनीचे हॉटमेल डॉट को डॉट यूके हे नाव पुन्हा मुदतीबाहेर गेले. पैसे नव्हते म्हणून नाव गेले, असे या दोन्ही प्रसंगांत कोण म्हणेल? मुदत लक्षात ठेवणे हे नेमके कोणाचे काम, ते पक्के नसले की असे होते.

अशा प्रसंगांतून नियम घडत गेले. मुदतीनंतर नोंदणी कंपनीने नाव रद्द केले, तरी ‘डॉट कॉम’सारखी नावे ३० दिवसांपर्यंत, जास्त पैसे भरून का होईना, जुन्या धारकाला सोडवून घेता येतात. त्यानंतर आणखी ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते. २०१३ पासून मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी स्मरणपत्र पाठवणे नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे. मुदत उलटल्यावर नाव हातचे जाण्याआधी काही दिवस संकेतस्थळ बंदही पाडावे लागते. पत्रे कोणी वाचत नाही, पण दार बंद दिसले की धावपळ होते, हा अनुभव त्या नियमामागे आहे.

पण पत्र उघडणारा माणूसच राहिला नसेल तर?

आपल्या पहिल्या मेळाव्यानंतर बॅचचे संकेतस्थळ ज्याने हौसेने, स्वतःच्या खिशातून उभे केले, तो आपला मित्र आज आपल्यात नाही. नोंद त्याच्या नावावर होती, ईमेल त्याचा, कार्डही त्याचे. स्मरणपत्रे नियमाप्रमाणे त्याच्या पेटीत पडत राहिली असणार. त्याच्या घरच्यांवर जे दुःख कोसळले होते, त्यात त्यांना ही चौकशी कोण करणार? नाव गेले आणि दुसऱ्या कोणीतरी ते घेतले. मजकूर भाड्याच्या वेगळ्या जागेवर होता. तिचेही पैसे थांबल्याने तोही गेला. गॅदरिंगचे फोटो तुम्ही सर्वांनी आपापल्या अल्बममधून पुन्हा पाठवलेत, म्हणून या स्मरणिकेत दिसत आहेत. बाईंनी त्या संकेतस्थळासाठी लिहून दिलेल्या आठवणी मात्र कुठेच सापडल्या नाहीत. बाईही आता नाहीत.

माजी विद्यार्थी संघ आता नवे नाव घेत आहे. व्यवसायाने याच क्षेत्रातली असल्याने माझ्या काही सूचना. नोंद एका व्यक्तीच्या नावे न करता संघाच्या नावे करावी. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची फी भरता येते, ती भरून टाकावी. संपर्काचा ईमेल संघाचा असावा, त्याची किल्ली तिघांकडे असावी आणि त्यांतला एक जण आपल्यापेक्षा बऱ्याच धाकट्या बॅचचा असावा. आपोआप नूतनीकरणावर विसंबू नये, कारण कार्डाची मुदत संपली की तेही थांबते. मजकुराची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.

दर २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी आपल्यातले काही जण शाळेत जमतातच. त्या दिवशी तिघांनी मिळून मुदतीची तारीख पाहावी आणि कोषाध्यक्षांच्या वहीत सही करावी. पाच मिनिटांचे काम आहे.