३३५ शब्दांचं पत्र आणि चिमूटभर मीठ

आजचा भाग जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पत्राबद्दल आहे. पण सुरुवात माझ्या एका मेसेजपासून करतो, कारण तो मेसेज नसता तर हे पत्र मी कधी वाचलंच नसतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारी रात्री आमचं सिस्टिम झोपलं. चूक एका ज्युनियर पोराच्या कोडमध्ये होती, जेमतेम सहा महिन्यांपूर्वी जॉइन झालेला. सगळं दुरुस्त झाल्यावर मी मॅनेजरला आणि टीमच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. भाषा एकदम सभ्य. 'कृपया', 'नम्रपणे सांगावंसं वाटतं', शेवटी सगळ्यांचे आभार. आणि मधोमध त्या पोराचं नाव. तो कोड रिव्ह्यू करून मीच पास केला होता, ते मात्र लिहायचं राहून गेलं. म्हणजे, राहू दिलं.

माझा रूममेट नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. त्याला मी मोठ्या कौतुकाने मेसेज दाखवला. तो म्हणाला, "अरे, आमच्या बायबलमध्ये सांगितलंय की बोलणं कृपेचं असावं, मिठाने रुचकर केल्यासारखं. तुझ्यातही मीठ आहे. पण जखमेवरचं."

झोप उडाली ना राव! मग मी ते मीठ शोधायला निघालो.

हा सल्ला कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, चौथ्या अध्यायात. कलस्सै म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, डेनिझली प्रांतातल्या होनाझजवळचं एक जुनं गाव. आज तिथे टेकाड आहे. लोकरीच्या धंद्यासाठी हा भाग प्रसिद्ध होता. तिथले ख्रिस्ती लोक मूठभर, घराघरांत जमणारे. आजूबाजूला सगळे दुसऱ्या देवांना मानणारे. त्यांना सांगितलंय की बाहेरच्या लोकांशी शहाणपणाने वागा, हाती आलेली वेळ वाया घालवू नका, आणि बोलणं असं ठेवा की प्रत्येकाला कसं उत्तर द्यायचं ते कळेल.

इथे 'कृपा' साठी जो ग्रीक शब्द आहे, खारिस, त्यात देवाची कृपा आहे तशीच बोलण्यातली गोडीही आहे. आणि मीठ? ग्रीक आणि लॅटिन लेखक चटकदार, हजरजबाबी बोलण्यालाही मीठच म्हणत. म्हणजे नुसतं गोडगोड नको, आळणीही नको. आपल्याकडे तिखटमीठ लावून सांगतात ते वेगळं हं!

आता खरी गंमत. परंपरेने हे पत्र पौलाचं मानतात. काही अभ्यासक म्हणतात की ते त्याच्या शिष्याने लिहिलं असावं. त्यात लिहिलंय की तुखिक नावाचा माणूस येतोय आणि सोबत अनेसिम येतोय, तुमच्यातलाच, विश्वासू भाऊ. हा अनेसिम कोण? तो गुलाम होता. आणि त्याच्यासाठी पौलाने त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, वेगळं पत्र लिहिलंय. ते पौलाचंच आहे याबद्दल फारसा वाद नाही. २५ वचनं, ग्रीकमध्ये साधारण ३३५ शब्द. लिहिताना पौल स्वतः तुरुंगात.

बहुतेकांचं म्हणणं असं की अनेसिम पळून आला होता. काहींना वाटतं, मालकाशी बिनसलं म्हणून मध्यस्थी करायला पौलाकडे आला असावा. काहीही असो, परत जाणं जोखमीचं होतं. रोमन जगात पळालेल्या गुलामाचं काय व्हायचं याचा एक पुरावा रोममधल्या म्युझियममध्ये आहे. गुलामाच्या गळ्यातलं लोखंडी कडं, त्यावर पट्टी: हा पळालाय, धरून मालकाकडे आणून द्या, एक सोन्याचं नाणं मिळेल. कडं पौलानंतर तीनेकशे वर्षांचं आहे, पण पौलाच्या काळातही कायदा मालकाच्याच बाजूने होता.

मग पौल बोलतो कसा? आधी फिलेमोनाबद्दल देवाचे आभार. मग म्हणतो की मी हुकूम करू शकलो असतो, पण प्रेमापोटी विनंती करतोय. मी म्हातारा, त्यात कैदी. अनेसिम या नावाचा ग्रीक अर्थ 'उपयोगी'. पौल त्यावर कोटी करतो की हा पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मला दोघांनाही उपयोगी आहे. हे झालं मीठ! त्याला आपलं मूल म्हणतो, आपलं काळीज म्हणतो. दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे असं सांगतो. त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, आणि हे मी माझ्या हाताने लिहितोय. शेवटी हळूच, माझ्यासाठी खोली तयार ठेव. म्हणजे मी बघायला येतोय!

आणि पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी अख्खी मंडळी, सगळ्यांच्या नावे. आपल्या भाषेत, सगळी टीम सीसीमध्ये. माझ्या मेसेजमध्येही टीम सीसीत होती. फरक इतकाच की पौलाने नाव काढलं ते माणूस वाचवायला, आणि बिल स्वतःच्या नावावर घेतलं.

तुलनेसाठी आणखी एक पत्र. इ.स. १०० च्या आसपास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने साबिनियानस नावाच्या मित्राला लिहिलेलं. मित्राचा मुक्त केलेला गुलाम चुकला होता, त्याला माफ कर म्हणून. पत्र सुंदर आहे, दयाळूही आहे. पण त्यात तो माणूस पायाशी पडून रडतोय, प्लिनीने त्याला झापलंय, आणि पुन्हा तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही अशी तंबीही दिलीय. मालकाशी दोघेही गोड बोलले. पण प्लिनीच्या पत्रात माणूस पायाशी राहतो. पौलाच्या पत्रात तो शेजारी येऊन बसतो.

पण थांबा, पौलाला इथेच फुल मार्क देऊ नका. त्याने 'याला मुक्त कर' असं सरळ कुठेच लिहिलेलं नाही. कलस्सैकरांच्या पत्रात तर दासांनी धन्याचं ऐकावं असंही आहे. या मोकळ्या जागेचा पुढे भयंकर वापर झाला. १८३३, अमेरिकेतलं जॉर्जिया. चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाद्री, स्वतः मळेवाला आणि गुलामांचा मालक, गुलामांपुढे याच पत्रावर प्रवचन देत होता. पळून जाणं पाप आहे, असं त्याने सांगितलं. अर्धे श्रोते उठून चालते झाले. थांबलेल्यांपैकी काही म्हणाले की बायबलमध्ये असं पत्रच नाही; काही म्हणाले, ही सुवार्ता नव्हेच. हे जोन्सने स्वतःच नोंदवून ठेवलंय.

मला वाटतं, उठून गेलेल्यांना ते पत्र जोन्सपेक्षा जास्त कळलं होतं. शब्द तेच, पण जोन्सने पौलाचं काळीज काढून टाकलं आणि फक्त परत जाणं ठेवलं. बोलणं कृपेचं आहे की नाही हे समोरच्या मोठ्या माणसाला ते किती गोड लागलं यावर ठरत नाही. ज्याच्याबद्दल बोलतोय, ज्याला तिथे तोंड उघडता येत नाही, तो त्या बोलण्यानंतर कुठे उभा राहतो, यावर ठरतं. आणि जे सरळ सांगायला हवं ते गोडव्यात गिळलं, तर त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

सोमवारी मी त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. दोन ओळींचा. तो कोड रिव्ह्यू मी केला होता, चूक माझ्याही नजरेतून सुटली, ती माझ्या नावावर धरा. मॅनेजरने अंगठा दाखवला, बस. तो पोरगा काहीच बोलला नाही. दुपारी चहाला मात्र तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "दादा, तो बग नक्की कुठे होता, मला दाखवाल का?"

तुमचाही असा एखादा सभ्य मेसेज आठवत असेल, तर तो आज पुन्हा एकदा वाचा. भेटू पुढच्या भागात!