बिशप, मर्व्हिन
(जन्म : जुलै १९४५). ऑस्ट्रेलियातील आदिवासी वृत्तछायाचित्रकार. त्या देशातील महानगरीय दैनिकात नोकरी मिळविणारे पहिले आदिवासी छायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती आहे. पंतप्रधान गॉफ व्हिटलम हे गुरिंजी जमातीचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या ओंजळीत माती घालीत आहेत, हे त्यांचे १९७५ मधील छायाचित्र आदिवासींच्या भूमिहक्काच्या चळवळीचे प्रतीक मानले जाते.

बिशप यांचा जन्म न्यू साउथ वेल्स राज्याच्या वायव्य भागात, बार्वन नदीकाठच्या ब्रेवॉरिना येथे झाला. नदीच्या पात्रात आदिवासींनी रचलेल्या दगडी मत्स्यसापळ्यांमुळे हे गाव प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील सैनिक होते व मेंढ्यांची लोकर कातरण्याचे कामही करीत. वडिलांची आई आदिवासी, तर वडील पंजाबी होते. त्या काळी राज्यातील आदिवासींचे वास्तव्य, प्रवास व रोजगार यांवर शासकीय मंडळाचे नियंत्रण असे. १९४३ च्या कायदादुरुस्तीनुसार निवडक व्यक्तींना या निर्बंधांतून सूट देणारे प्रमाणपत्र मिळे. बिशप कुटुंबाला १९५० मध्ये अशी सूट मिळाली आणि आदिवासी वसाहतीऐवजी गावात राहण्याची मुभा लाभली. आपल्याच जन्मभूमीत राहण्यासाठी परवाना लागावा, हा अपमान आदिवासींना सतत सलत असे.

शाळकरी वयातच बिशप यांनी आईच्या कोडॅक कॅमेऱ्याने घरच्यांची व गावकऱ्यांची छायाचित्रे काढावयास सुरुवात केली. पुढील शालेय शिक्षण डबो येथे घेऊन ते सिडनीला आले आणि सु. १९६३ मध्ये द सिडनी मॉर्निंग हेरल्ड या दैनिकात उमेदवार छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. उमेदवारीच्या काळातच त्यांनी सिडनीच्या तंत्रमहाविद्यालयात छायाचित्रणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. या नियुक्तीचे महत्त्व तत्कालीन परिस्थितीवरून ध्यानात येते. राष्ट्राच्या लोकसंख्येत आदिवासींची गणना करू नये, अशी तरतूद तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या संविधानात होती. ती २७ मे १९६७ च्या सार्वमताने रद्द झाली. मतदारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. आदिवासींची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकापासून निघत आली होती. परंतु ती प्रामुख्याने मानवशास्त्रज्ञ, धर्मोपदेशक, शासकीय अधिकारी व व्यावसायिक छायाचित्रकार यांनी काढलेली होती. आदिवासी हा छायाचित्राचा विषय असे, कर्ता नसे. बिशप यांच्या कारकीर्दीने हे चित्र पालटू लागले.

दैनिकात त्यांना अपघात, क्रीडासामने, सभा अशा सर्व प्रकारच्या घटनांचे वृत्तांकन करावे लागे. जगज्जेता आदिवासी मुष्टियोद्धा लायनेल रोझ याचे १९६८ मधील पत्रकार परिषदेतील छायाचित्र या काळातील आहे. १९७१ मध्ये एका लहान मुलाला उचलून रुग्णालयाकडे धावणाऱ्या जोगिणीचे त्यांचे छायाचित्र गाजले. क्षणाची निकड अचूक टिपणाऱ्या या चित्राबद्दल त्याच वर्षी त्यांना ऑस्ट्रेलियातील सर्वोत्कृष्ट वृत्तछायाचित्रकाराचा पुरस्कार मिळाला.

१९७४ मध्ये बिशप कॅनबरा येथील केंद्र शासनाच्या आदिवासी व्यवहार खात्यात छायाचित्रकार झाले. या निमित्ताने त्यांनी देशभरच्या आदिवासी वस्त्यांना भेटी देऊन तेथील घरे, शाळा, आरोग्यसेवा व दैनंदिन व्यवहार यांची छायाचित्रे घेतली. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्राची पार्श्वभूमी मात्र नऊ वर्षांपूर्वीची होती. ऑगस्ट १९६६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतील वेव्ह हिल या व्हेस्टी कंपनीच्या पशुपालन केंद्रावरील सु. २०० गुरिंजी गुराखी, नोकर व त्यांचे कुटुंबीय लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडून बाहेर पडले. प्रारंभी वेतनाचा व वागणुकीचा वाटणारा हा लढा लवकरच पूर्वजांच्या भूमीसाठीचा लढा ठरला. अखेर १६ ऑगस्ट १९७५ रोजी डागुरागू (वॉटी क्रीक) येथे व्हिटलम यांनी गुरिंजींना सु. ३,२०० चौ. किमी. जमिनीचा भाडेपट्टा दिला.

मूळ समारंभ छपराखाली झाला. तेथील अंधुक प्रकाशात चित्र नीट येणार नाही हे ओळखून बिशप यांनी दोघांना उघड्यावर येऊन माती देण्याची कृती पुन्हा करण्याची विनंती केली व ती मान्य झाली. निळ्या आकाशाखाली उंच पंतप्रधान आणि वयोवृद्ध लिंगियारी समोरासमोर उभे आहेत व तांबडी माती एका हातातून दुसऱ्या हातात ओघळत आहे, असे हे रंगीत चित्र आहे. कृती पुनश्च घडवून आणल्यामुळे त्याच्या अस्सलपणाविषयी प्रश्न उपस्थित होऊ शकतो. तथापि घटना, व्यक्ती व स्थळ ही खरी असून छायाचित्रकाराने प्रकाश व पार्श्वभूमी यांचीच निवड केली. चित्राच्या आशयाबाबत मात्र सावधगिरी हवी. त्यातून भूमिहक्काचा प्रश्न सुटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी मिळाला तो केवळ भाडेपट्टा होता. नॉर्दर्न टेरिटरीसाठीचा आदिवासी भूमिहक्क कायदा १९७६ मध्ये संमत झाला आणि गुरिंजींना कायम व अहस्तांतरणीय मालकी १९८६ मध्ये मिळाली. लिंगियारी यांच्या हाती माती पडल्यानंतरही पूर्ण मालकीसाठी त्यांच्या लोकांना आणखी अकरा वर्षे थांबावे लागले.

१९७९ मध्ये बिशप हेरल्डमध्ये परतले व १९८६ पासून स्वतंत्र व्यवसाय करू लागले. सिडनीतील आदिवासी शिक्षणसंस्थांत त्यांनी छायाचित्रणाचे अध्यापनही केले. १९९१ मध्ये आदिवासी कलावती ट्रेसी मॉफट यांनी सिडनी येथे त्यांच्या तीस वर्षांतील निवडक छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले. २००० मध्ये त्यांना ऑस्ट्रेलिया कौन्सिलचा ‘रेड ओकर’ हा आदिवासी कलावंतांसाठीचा सन्मान लाभला.

वृत्तपत्रीय व शासकीय कामाबरोबरच ब्रेवॉरिना येथील आप्तेष्टांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे तितकीच मोलाची आहेत. १९६६ मधील राल्फ व जिम या भावंडांचे चित्र त्यांपैकी होय. त्यांत दैन्याचे प्रदर्शन नाही की विलक्षणतेचा सोस नाही. ओळखीच्या माणसाकडे सहजपणे पाहणाऱ्या माणसांचे चेहरे आहेत. पुढील पिढीतील आदिवासी छायाचित्रकारांना याच दृष्टीने मार्ग दाखविला. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स कलावीथीत व कॅनबराच्या राष्ट्रीय कलावीथीत त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह आहे.